टाचणीच्या रक्तातली बाई

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट ज्याच्या ताब्यात होता, त्याला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगाने तसाच, आणि दुसरं म्हणजे काम करताना त्याच्या ओठांत पाच-सहा टाचण्या कायम धरलेल्या. त्या न पाडता तो बोलायचा, हसायचा, वेळ आली तर आमची खरडपट्टीही काढायचा. "बाई, पोट आत घ्या. रडायचंय ते नंतर रडा, आधी हूक लागू दे." मिटल्या ओठांतून आलेलं हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलं. पहिल्या अंकात विधवा, दुसऱ्यात महाराणी आणि तिसऱ्यात वेडी, हे सगळं मला त्याच्याच हातांनी केलं. टाळ्या मात्र मी घेतल्या.

कपडेपट म्हणजे रंगमंचामागचा जिना उतरून गेल्यावरची एक लांबट खोली. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे आणि त्यांवर हँगरना लटकलेले राजे, वकील, पोलीस, नवऱ्या मुली. नवखा माणूस आत शिरला की दचकायचा. त्याला वाटायचं, खोलीत गर्दी आहे आणि आपण आल्यामुळे सगळे गप्प झालेत. मग दिसायचं की आत एकच माणूस आहे, आणि तो गुडघ्यांवर बसून कुणाचा तरी काठ उसवतोय.

प्रत्येक पोशाखाच्या आत, मानेच्या मागे, तो ज्या नटाचा त्याची खूण लाल दोऱ्याने घातलेली असे. नट कंपनी सोडून गेला, भूमिका दुसऱ्याला मिळाली, तरी टाचणी ती खूण लगेच काढायचा नाही. नव्या माणसाचे तीन प्रयोग होऊ द्यायचे, मगच जुनी खूण उसवायची, हा त्याचा नियम. कपडेपटाच्या आधीच्या मालकाकडून त्याला मिळालेला.

"जुना परत येतो, बाई," तो म्हणायचा. "रुसून गेलेला येतो, पळून गेलेला येतो. यायचं असलं तर तीन प्रयोगांच्या आत येतो. आणि आपली खूण दिसली नाही तर गोंधळ घालतो."

त्याचा आजार मला चुकून कळला. एका प्रयोगाला माझी शाल खाली राहिली म्हणून मी तिसऱ्या घंटेला धावत कपडेपटात गेले. टाचणी पाठमोरा उभा होता. घंटा संपता संपता त्याने एक गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली. प्रयोग संपल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, "एचआयव्ही आहे मला. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी लागते. बाकी कुठली वेळ माझ्या लक्षात राहत नाही, तिसरी घंटा राहते."

त्याच्या सुयांच्या डबीला तो कुणाला हात लावू देत नसे, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. आजार कुठून आला हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वंशावळ विचारून कुठला आजार बरा होत नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं माहीत होतं. त्यांना तो आजार नव्हता आणि गोळ्या चालू असल्यामुळे पुढे कधी झालाही नाही. प्रयोग नसेल त्या दिवशी घरी त्याच वेळेला त्या ताटावर चमचा तीनदा वाजवायच्या. "तिसरी घंटा झाली हो," म्हणायच्या. अशी बावीस वर्षं गेली. गोळी होती तोवर विषाणू निपचित पडून असे. पण तो गेलेला नव्हता. गोळी थांबली की हाडामांसात दडलेला तो काही आठवड्यांत उठून उभा राहतो, असं टाचणीला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि ते वाक्य तो कधी विसरला नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला.

रुग्णालयात वहिनी मला बरोबर घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "नुसत्या औषधांनी हा कर्करोग हटणार नाही. तुमची रक्त बनवणारी जागाच औषधांनी रिकामी करायची आणि तिथे दुसऱ्या माणसाच्या मूळपेशी सोडायच्या, एवढा एकच मार्ग आहे. तुमच्याशी जुळणारे तीन दाते मिळालेत. त्यांतल्या एकाच्या पेशी वेगळ्या आहेत. एचआयव्ही पेशीत शिरताना ज्या कडीला हात घालतो, ती कडीच त्यांच्या पेशींना जन्मतः नाही."

"म्हणजे त्याने दार ठोठावत बसायचं," टाचणी म्हणाला.

"आणि जो आधीच आत बसलाय, तो?" वहिनींनी विचारलं.

"त्याचं घरच पाडणार आहोत आपण. बहुतेक सगळं. बहुतेक म्हणतेय मी." त्या थांबल्या. "जगात असे विषाणूतून सुटलेले लोक बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि या उपचारातून सगळे जगत नाहीत. तुम्हाला कर्करोग नसता, तर नुसत्या एचआयव्हीसाठी मी हा विषय काढलाच नसता. गोळी घ्या आणि शंभर वर्षं जगा, म्हटलं असतं."

टाचणीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "करा. घर तर तसंही गळतंय."

त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. आम्ही काचेबाहेरून फोनवर बोलायचो. आत जाणारा प्रत्येक जण एकाच रंगाच्या झग्यात, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. "इथला कपडेपट फार वाईट आहे, बाई," तो म्हणाला. "सगळ्यांना एकच भूमिका. मी खांद्यांवरून ओळखतो कोण कोण ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "काल एक जण आला होता, त्याचे खांदे माझ्या ओळखीचे नव्हते. काही न करता उभा राहिला आणि गेला." मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, काल नवीन कुणीच आलं नव्हतं. औषधांनी भास होतात.

ज्या दिवशी मूळपेशी द्यायच्या, त्या दिवशी मला वाटलं होतं काहीतरी मोठं दिसेल. दिसली एक मूठभर पिशवी, फिकट लाल. तासाभरात ती रिकामी झाली. संध्याकाळी टाचणी म्हणाला, "इथे मका कोण उकडतंय?"

नर्स म्हणाली, "कुणी नाही. पेशी गोठवून ठेवायला जे औषध वापरतात त्याचा वास आहे. तुमच्याच श्वासातून येतोय."

दोन दिवस तो वास होता. वहिनींना झगा घालून आत सोडलं होतं. त्या बाहेर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. "सदतीस वर्षांच्या संसारात हा वास नव्हता त्यांना," एवढंच म्हणाल्या.

मग ते आठवडे आले, ज्यांत त्याच्या रक्तात मोजण्याजोगं काही नव्हतं. जुनं मेलेलं, नवं जन्मायचं होतं. मी आयुष्यात एकदाच असा क्षण पाहिलाय. एक नट चुकून लवकर आत गेला, दुसरा यायचा होता, आणि भरल्या थिएटरसमोर दिवे लावलेला मंच रिकामा राहिला. तेव्हा ते सात-आठ सेकंद असतील. टाचणीचे सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी डॉक्टरीणबाई काचेपलीकडून आम्हाला एक बोट दाखवून गेल्या. मोजणीत पहिला आकडा आला होता. रुजलं होतं.

वर्षभराने तो कामावर आला. पूर्वीच्या सरळ केसांच्या जागी आता बारीक कुरळे उगवले होते. रक्तगट बदलला होता, बी होता तो ओ झाला. लहानपणीच्या लशींची आठवणही जुन्या रक्ताबरोबर गेली होती, त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर त्याला पुन्हा बाळांच्या लशी टोचल्या. वहिनी म्हणाल्या, "आता पालथे पडायला लागा, म्हणजे बारसं करते." आम्ही हसलो. मग एक दिवस त्याने कायमच्या सवयीने मूठभर काजू खाल्ले आणि त्याचे ओठ सुजून टाचण्या धरता येईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात्याला चालत नसतील. ते कधीकधी सोबत येतं."

दाता कोण, कुठला, हे सांगत नाहीत. पण टाचणी गुडघ्यांवर बसून माणसाची पावलं बघून त्याचं माप सांगणारा माणूस. त्याला आता तीन गोष्टी ठाऊक झाल्या. तिचा रक्तगट, तिला काजू चालत नाहीत, आणि ती बाई आहे. हे शेवटचं एका रिपोर्टात होतं. तो कागद घेऊन तो माझ्या घरी आला. "हे बघा. माझ्या नावासमोर पुरुष लिहिलंय आणि रक्तासमोर स्त्री. आयुष्यभर पुरुषांना बायका करून स्टेजवर पाठवलं. आता माझीच पाळी."

त्या हसण्यात मीही सामील झाले. पण पुढच्या आठवड्यात दुपारी कपडेपटात गेले, तेव्हा हसू आलं नाही.

मधोमध लाकडी पुतळा उभा होता, आणि त्यावर निळसर राखाडी कापडाचा अर्धा शिवलेला बायकी कोट. मी त्याची कॉलर उलटून पाहिली. खूण नव्हती.

"कुठल्या नाटकाचा?"

"नाटकाचा नाही."

"माप कुणाचं?"

"अंदाजाने," तो म्हणाला. "छाती चौतीस, पाठ चौदा. डावा खांदा अर्धं बोट खाली."

कितीही तरबेज शिंपी असो, न पाहिलेल्या माणसाची छाती तो अंदाजाने सांगेल. पण खांदा? मी विचारलं, "डावा खांदा उतरता आहे, हे कसं कळलं तुला?"

त्याने कोटाच्या उतरत्या खांद्यावरून बोट फिरवलं. "मी सरळच कापत होतो, बाई. कात्री तिकडे गेली."

मी वहिनींना सांगायला नको होतं, पण सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी कपडेपटात आल्या आणि पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "बावीस वर्षं ताट मी वाजवलं, आणि कोट या भवानीला." मग कोटाची बाही हातात घेऊन शिवण तपासली, आणि अगदी हळू, त्या बाहीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "आलीच आहेस तर नीट राहा बाई. त्यांना सांभाळ." टाचणीने ऐकलं, पण मान वर केली नाही. तो कोट पुरा झाला आणि उजव्या दांड्याच्या टोकाला लटकला.

या सगळ्या काळात एचआयव्हीची गोळी चालूच होती. पेशी रुजल्यावर तीन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी तो दिवस ठरवला. "रक्तात विषाणू दिसत नाही. पण गोळी चालू आहे तोवर त्या न दिसण्याला अर्थ नाही. आता गोळी बंद करायची आणि दर आठवड्याला रक्त बघायचं. उठला, तर त्याच दिवशी पुन्हा गोळी. न उठला, तर…" पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

पहिला आठवडा स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसराही. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही, इतका हलका होता.

त्या संध्याकाळी प्रयोग होता. मी काम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण थिएटरात जाऊन बसायची सवय सुटली नव्हती. कपडेपटातल्या माझ्या जुन्या खुर्चीत बसले होते. वर तिसरी घंटा झाली. टाचणीचा हात खिशात गेला, तोंडाकडे गेला, आणि गळ्याची घाटी एकदा वर-खाली झाली.

"टाचणी."

त्याने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टेबलावर ओळीने ठेवल्या. काम करताना त्याला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. टाचण्यांवाचून त्याचं तोंड उघडंबोडकं दिसत होतं.

"तीन प्रयोग होऊ देत म्हटलं," तो म्हणाला.

"अरे, हे काय नटाचा अंगरखा बदलणं आहे का? रक्तात गोळी असताना डॉक्टरीणबाईंना दिसणार काय? तीन आठवडे वहिनी बिचाऱ्या कशाचा आनंद मानतायत?"

"त्याला कळायला नको होतं, जागा रिकामी झालीय ते."

"कुणाला?"

"जुन्याला." त्याने उजव्या दांड्याकडे बघितलं नाही, पण हनुवटी तिकडे वळली. "तो तिथे मागे उभा असतो. तिसऱ्या घंटेला येतो. मी गोळी घेतली की जातो. इतकी वर्षं मी त्याला बघितलं नाही, नुसतं ओळखलं. आता नव्या पेशी आल्या, म्हटलं, नव्या बाईचे तीन प्रयोग होऊ देत, तोवर याची खूण राहू दे. नंतर मी थांबवणारच होतो."

मी दांड्याकडे पाहिलं. टोकाचे तीन-चार हँगर हलत होते, कुणी मधून वाट काढून गेल्यावर हलतात तसे. मी वर पाहिलं. पंखा बंद होता.

"उद्या सकाळी आपण दोघं रुग्णालयात जातोय," मी म्हटलं. माझा आवाज मला शेवटच्या रांगेतून ऐकल्यासारखा आला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल मिटली. "तीन आठवडे मी एका गोळीचं कौतुक करत होते तर. रक्तात औषध किती आहे, त्याचाही नमुना बाहेर पाठवलाय मी. चार दिवसांनी कळलंच असतं मला. पण तुमच्या तोंडून कळलं, ते बरं." मग हात पुढे केला. टाचणीने खिशातली पाकिटं त्यांच्या हातावर ठेवली. वहिनींनी पिशवीतून घरातली काढून दिली. "आज पहिला दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागचं सगळं पुसलं."

मी त्यानंतर एकही प्रयोग चुकवला नाही. तिसऱ्या घंटेला खाली खुर्चीत बसायचे. टाचणी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून उभा राहायचा. घंटा संपायची. वरून पडदा सरकल्याचा आवाज यायचा आणि मग तो श्वास सोडायचा.

"गेला?" दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं.

"आता जात नाही. दांड्याच्या अलीकडे आलाय."

पाचव्या आठवड्यात म्हणाला, "पुतळ्याशी आहे." मी पुतळ्याकडे बघायचं टाळलं. हे मी वहिनींना सांगितलं नाही. प्रत्येक आठवड्याचा रिपोर्ट मात्र स्वच्छ येत होता, आणि यावेळी तो खराच स्वच्छ होता.

सातव्या आठवड्यात फोन आला. रक्तात काहीतरी पुसट दिसलंय. आणखी दोन नमुने घ्यायचे, तीन दिवस थांबायचं.

ते तीन दिवस टाचणी घरी गेला नाही म्हटलं तरी चालेल. पहाटेच यायचा, रात्री उशिरापर्यंत इस्त्री करायचा. धुतलेलं, न धुतलेलं, वापरात नसलेलं, सगळं. दुसऱ्या दिवशी वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा तो एका पोलिसाच्या सदऱ्यावरून चौथ्यांदा इस्त्री फिरवत होता.

"गोळी दे एक," तो म्हणाला.

"नाहीये. तुमच्यासमोर दिल्या ना त्यांना."

"तू एखादी ठेवली असशील. मी ओळखतो तुला."

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. "ठेवली होती," त्या म्हणाल्या. "काल नेऊन दिली. मला माझाच भरवसा वाटेना." त्यांनी इस्त्रीची वायर काढली. "जेवा."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "दोन्ही नवे नमुने स्वच्छ आहेत. आधी जे दिसलं, ते विषाणूचे मोडके तुकडे असणार. असे तुकडे राहू शकतात. त्यांच्यापासून नवा विषाणू होत नाही."

"म्हणजे गेला?" वहिनींनी विचारलं.

"सात आठवडे गोळी नाही आणि तो उठलेला नाही. एवढं मी सही करून देते. बरे झालात, हा शब्द मी आज वापरणार नाही. आठवा आठवडा बघीन, मग महिने, मग वर्षं."

त्या वर्षांतली चार आता होऊन गेली. तो उठलेला नाही. पण त्या दुपारी आम्हाला हे ठाऊक नव्हतं, आणि टाचणीचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. तो कागदांकडे पाहत होता.

"डॉक्टर, एक सांगा. माझ्या रक्तात आता माझं किती उरलंय?"

"रक्तात? काहीच नाही. शंभर टक्के त्यांच्या पेशी आहेत. उत्तम आहे ते."

"आणि तो जुना, तोही नाही."

"तोही नाही."

टाचणीने मान हलवली. मग अगदी साधेपणाने, कापडाची लांबी विचारावी तसं त्याने विचारलं, "मग हे तीन दिवस घाबरलं कोण?"

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्या हसायच्या बेतात होत्या, पण हसल्या नाहीत.   

"मी," वहिनी म्हणाल्या. "मी घाबरले होते. चला, उठा आता."

तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला. वळून त्याने वहिनींकडे पाहिलं. सदतीस वर्षांचा संसार झाल्यावर, आणि त्यावर आणखी काही वर्षं गेल्यावर, माणूस बायकोकडे तसं बघत नाही. कुणी नुकतीच ओळख करून द्यावी आणि समोरचा चेहरा नीट लक्षात ठेवावा, तसं तो पाहत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

वहिनींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. त्याचं बघून होईपर्यंत.